झाड चार फुटांवर जाणार नाही

सोमवारी संध्याकाळी जेवताना जावई सहज म्हणाला, "मास्तर, रविवारी तुमची खोली रिकामी करू. रंग देऊन टाकतो. बरेच दिवस मनात आहे."

"हो हो, अवश्य," मास्तर म्हणाले आणि हातातला घास तसाच धरून बसले.

लेकीने विचारलं, "बाबा, काय झालं? तिखट लागतंय का?"

"छे, छान झालंय सगळं."

छान झालं होतं, पण मास्तरांचं मन खोलीतल्या कपाटावर होतं. खोली रिकामी करायची म्हणजे कपाट हलणार. कपाट हलणार म्हणजे त्यामागची भिंत दिसणार. आणि जावई होता रंगारी. चार माणसं हाताखाली असलेला, भिंतीवर नुसती बोटं फिरवून आत काय चाललंय ते सांगणारा रंगारी. अशा माणसाच्या घरात, त्याच्या सासऱ्याच्या खोलीत, कपाटामागे दोन हात उंच ओल चढली होती, आणि ती सासऱ्यानेच आणली होती.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. बेचाळीस वर्षं त्यांनी कोट आणि पँटी शिवल्या. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणे, आणि जावई लग्न ठरायच्या आधीपासून त्यांचं गिऱ्हाईक असल्यामुळे तोही मास्तरच म्हणत राहिला. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईत दोरा जाईना, आणि एका भल्या माणसाच्या कोटाला डावी बाही उजवीकडे लागली. त्या दिवशी मास्तरांनी दुकान बंद केलं. राहायची खोली दुकानाच्या मागेच होती, तीही सुटली. बायको त्याच्या आधीच गेली होती. डोळ्यांच्या ऑपरेशनपुरते तीन महिने म्हणून ते लेकीकडे आले.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेतल्या नर्सरीत शिरले. लेकीला लहानपणी अंजिरं फार आवडायची. नर्सरीवालीने कुंडीतलं गुडघ्याएवढं रोप पुढे केलं आणि म्हणाली, "ठेंगणी जात आहे. चार फुटांवर जात नाही." मास्तरांना ती जात एकदम पसंत पडली. कुणाच्या अध्यात ना मध्यात, कोपऱ्यात गप उभी राहणारी. कुंडी छातीशी धरून ते लेकीच्या दारात उभे राहिले आणि कोणी काही विचारायच्या आत बोलून गेले, "मी तीन महिन्यांवर राहणार नाही, आणि हे झाड चार फुटांवर जाणार नाही."

लेक हसली. जावई "बरं" म्हणाला आणि त्यांची बॅग आत घेऊन गेला. या दोन्हीतला एकही शब्द कोणी मागितला नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पण मास्तरांची जातच अशी, की गिऱ्हाइकाने कपडा हातात द्यायच्या आत "मंगळवारी देतो" म्हणून मोकळं व्हायचं आणि मग मंगळवारपर्यंत जिवाला घोर लावून घ्यायचा.

पहिला शब्द चौथ्या महिन्यात मोडला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, मग थेंब घालायचे, मग चष्म्याचा नंबर बदलला. सहा महिने झाले, वर्ष झालं. कोणी काही म्हणेना. आणि कोणी काही म्हणत नाही याच गोष्टीने मास्तरांचा जीव टांगणीला लागला. जावई तसा अबोल. कामावरून आला की हातपाय धुवायचा, जेवायचा, पेपर वाचायचा, आणि मास्तरांशी बोलायचा ते इतकं अदबीने, की दवाखान्यातला डॉक्टर वाईट बातमीच्या आधी बोलतो तसं मास्तरांना वाटायचं. ते घरात अंग चोरून वावरू लागले. आंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायचं, पंखा एकवरच ठेवायचा, पेपर सगळ्यांचा वाचून झाला की घ्यायचा. आणि मनाशी एक हिशेब धरला: एक शब्द गेला तो गेला, दुसरा मोडू द्यायचा नाही. झाड चार फुटांच्या आत आहे तोवर आपण इथे आहोत. हा हिशेब वेड्यासारखा आहे हे त्यांनाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

अंगण म्हणजे घराच्या कडेने गेलेली एक पट्टी. तिथे जावयाच्या शिड्या, रंगाचे डबे, बादल्या. कुंडी मध्ये यायची. एकदा जावई शिडी घेऊन वळताना कुंडीला अडखळला, बोलला काहीच नाही, कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि गेला. मास्तरांचं धाबं दणाणलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रोप कुंडीतून काढलं आणि भिंतीला अगदी खेटून, आपल्या खोलीच्या खिडकीखाली, जमिनीत लावलं. आता कुणाच्या पायात येणार नाही. जागाही कमी लागेल.

झाडाला जमीन मिळाली आणि ते सुटलंच. वर्षभरातच चार फुटांना टेकलं. मास्तर रोज सकाळी चहा झाला की आपली शिवणकामाची टेप घेऊन मापायचे. अठ्ठेचाळीस इंच. एकोणपन्नास. पन्नास. रात्रीत कोणी ओढून लांब करतं की काय, असं वाटावं. त्यांनी पाणी कमी केलं, तर पानं मलूल झाली आणि लेक म्हणाली, "बाबा, झाडाकडे लक्ष नाही वाटतं?" पुन्हा पाणी घालायला लागले.

मग त्यांना ती युक्ती सुचली. वाढत्या वयाच्या पोरांच्या पँटी मास्तरांनी हजारोंनी शिवल्या होत्या. अशा पँटीला खाली तीन-तीन इंच दुमड घालायची असते. कापड जास्तच असतं, पण दिसतं मापात. मग झाडालाही दुमड का घालू नये? संध्याकाळी फिरायला जायचे तेव्हा रस्त्याच्या टोकाला एक मोकळा भूखंड होता, तिथून ते पिशवीभर माती आणू लागले. झाडाच्या बुंध्याशी ओतायची, हाताने थापायची, वरून टेप लावायची. अठ्ठेचाळीस. कडेने दगड लावून त्यांनी त्याचा छान ओटा केला; पुढे शिड्या रचलेल्या असल्यामुळे तो भिंतीला टेकलाय हे जावयाला दिसत नसे. लेक कौतुकाने म्हणाली, "किती सुबक केलंत, बाबा!" त्या रात्री मास्तरांना चांगली झोप लागली.

आठ महिने हे असं चाललं. झाड वर जाई, माती वर जाई, माप तेवढंच राही. ओटा भिंतीला लागून दोन फूट, जोत्याच्याही वर चढला आणि त्यावर रोज पाणी पडू लागलं, याचा विचार शिंप्याच्या डोक्यात येणार कुठून? कापडाला दुमड घातली म्हणून शेजारचं कापड भिजत नाही. भिंत भिजते.

तीन आठवड्यांपूर्वी कपाटातला घडीचा सदरा काढताना त्यांच्या बोटांना कळलं. कापडाचा दमटपणा त्यांना डोळे मिटून कळायचा. कपाट इंचभर पुढे ओढून त्यांनी मागे पाहिलं. रंग फुगला होता, खाली पांढरं मीठ फुटलं होतं, आणि पोपडे हात लावला की पडत होते. त्यांनी कपाट होतं तसं मागे लोटलं आणि त्या दिवसापासून सदरे खुर्चीवर ठेवायला लागले. आता रविवार येऊ घातला होता. मध्ये पाच दिवस होते.

मंगळवारी लेक टपाल कचेरीतल्या नोकरीवर आणि जावई कामावर गेल्याबरोबर मास्तर नर्सरीत गेले. नर्सरीवाली रोपांच्या पिशव्यांत खत भरत बसली होती.

"तुम्ही मला ठेंगणं अंजीर दिलं होतंत," मास्तर म्हणाले. आवाजात त्यांनी जरा कडकपणा आणला होता, पण तो त्यांना सवयीचा नव्हता, त्यामुळे अर्ध्या वाक्यातच संपला. "चार फुटांवर जात नाही म्हणालात."

"मग? जातंय?"

"थांबायचं नावच घेत नाही."

तिने हात झटकले. "कुंडी केवढी आहे?"

"कुंडी नाही. जमिनीत लावलंय."

"अरे देवा," ती म्हणाली. "तुम्ही कुंडी घेऊन गेला होतात ना? मी कुंडीचं सांगितलं. कुंडी तीच ठेवायची, दर दोन वर्षांनी बाहेर काढून मुळं छाटायची, शेंडा खुडायचा. मग ते राहतं चार फूट. जमिनीत लावल्यावर मुळांना अडवणार कोण?"

"पण जात ठेंगणी आहे म्हणालात."

"आहेच. त्याची भावंडं पंचवीस फूट जातात. हे जाईल आठ-दहा. त्यांच्यापुढे ठेंगणंच की." मग मास्तरांचा चेहरा बघून तिचा सूर उतरला. "अहो काका, ठेंगणं म्हणजे वाढत नाही असं थोडंच आहे? जिवंत आहे ते. वाढणारच. एवढं काय घाबरायचं त्यात? भिंतीपासून लांब आहे ना?"

मास्तर "हो हो" म्हणाले. निघताना झाड आता कसं आवरायचं ते विचारायला हवं होतं, पण त्यांना भिंतीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. दहा फूट. आपल्या खिडकीच्या वरून थेट छपरापर्यंत. घरी पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात जावयाला तीनदा ते सांगून पाहिलं, आणि तिन्ही वेळा जावई मनातल्या मनात अदबीने म्हणाला, "बरं, मग तुमचं जायचं कधी ठरलंय?"

बुधवारी त्यांनी माती काढायला सुरुवात केली. भिंतीकडची बाजू आधी. जुना तवा आणि प्लास्टिकचं टोपलं घेऊन ते उकिडवे बसले आणि टोपल्यामागून टोपलं अंगणाच्या टोकाला पसरत राहिले. सत्तरीचा माणूस, दुपारचं ऊन, कमरेत कळ. जी माती आणायला आठ महिने लागले, ती दोन दिवसांत काढायची होती. वीतभर खाली गेल्यावर हाताला काहीतरी लागलं. दोरे. पांढरे, बारीक, पुष्कळ. मातीत गाडलेल्या खोडाला सगळीकडून मुळं फुटली होती. मास्तरांनी चार फुटांवर रोखून धरलं म्हणून झाडाने काही मनावर घेतलं नव्हतं. उलट जिथे जिथे त्यांनी माती लावली, तिथे तिथे ते अधिक घट्ट बसलं होतं. मास्तर तवा हातात धरून त्या मुळांकडे बघत राहिले. हे सगळं आपण आपल्या हाताने केलं, या विचाराने त्यांना इतकी लाज वाटली की शेजारच्या गच्चीवर कोणी नसतानाही त्यांनी वर बघून घेतलं.

गुरुवारी दुपारपर्यंत भिंत मोकळी झाली. बाहेरूनही ती काळी पडली होती. आता खोड तळापासून दिसत होतं, आणि मास्तरांनी भीतभीत टेप लावली. टेप साठ इंचांची. ती संपली आणि झाड उरलं. उरलेलं त्यांनी वितीने मोजलं. सहा फूट दोन इंच. जावयापेक्षा उंच.

घरात करवत होती, पण ती जावयाच्या सामानात, आणि जावयाच्या सामानाला विचारल्याशिवाय हात लावणं मास्तरांच्या मनाला पटेना. त्यांच्याकडे एकच धारदार वस्तू होती. ट्रंकेतून त्यांनी आपली कातर काढली. बेचाळीस वर्षांत तिने कापडाशिवाय काही कापलं नव्हतं. दुकानात कोणी तिने कागद कापायला गेलं तर मास्तर अंगावर धावून जायचे. तीच कातर त्यांनी अंजिराच्या फांदीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबली. धार कचकन बोथटली. त्यांना ते हाताला कळलं. थांबावंसं वाटलं, पण थांबून कसं चालेल? एक एक फांदी ते वर्षानुवर्षांच्या सवयीने सरळ रेषेत कापत गेले. प्रत्येक ठिकाणी पांढरा चीक टपटपत होता. हात बरबटले, मनगटं बरबटली, चीक वाळला, वर नवा पडला, वर ऊन लागत होतं. तास दीड तास. शेवटी झाड बरोबर अठ्ठेचाळीस इंचांवर आलं. आणि वर एकही पान उरलं नव्हतं.

संध्याकाळी जावई शिडी ठेवायला अंगणात आला आणि थबकला.

"झाड कापलंत, मास्तर?"

"हो, जरा... मापात आणलं."

जावयाने झाडाकडे पाहिलं, पसरलेल्या मातीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हं."

त्या एका "हं"ने मास्तरांची झोप उडवली. रागाचा होता का? कंटाळ्याचा होता? की कळलं होतं त्याला सगळं आणि तो रविवारची वाट बघत होता? शुक्रवारी सकाळपर्यंत त्यांनी त्या "हं"चे इतके अर्थ काढले की अख्खा दिवस बोलूनही जावयाला ते जमले नसते.

शुक्रवारी हात लाल झाले. शनिवारी दोन्ही मनगटांवर आणि बोटांच्या बेचक्यांत मोठमोठे फोड आले, भाजल्यासारखे. मास्तर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसले. पण जेवायला बसल्यावर हात पुढे करावाच लागतो. लेकीने हात बघितला आणि तिच्या हातातलं भांडं खाली आदळलं.

"बाबा! हे काय झालंय?"

"काही नाही गं. गरम पाणी..."

"दोन्ही हातांवर? सारखं?" तिने त्यांचं मनगट धरलं, खिडकीपाशी नेलं, नीट पाहिलं. "हा चीक आहे. उन्हात बसून कापत होतात झाड? कशाला? कोणी सांगितलं होतं?"

"मापाबाहेर चाललं होतं."

"जाऊ दे ना मग!" ती ओरडली आणि औषध आणायला गेली.  औषध लावताना तिचे डोळे भरले होते, आणि मास्तरांना वाटलं, हिला आपला भार होतोय. नवऱ्याला काय सांगायचं, याची हिला चिंता पडलीय. त्यांनी घसा खाकरला.

"मी म्हणत होतो, आता डोळे बरे आहेत. दुकानाशेजारचा चष्मेवाला म्हणत होता, त्याच्या माळ्यावर एक खोली आहे. रविवारी खोली रिकामी होतेच आहे..."

लेकीने औषधाच्या ट्यूबचं झाकण लावलं. "बघू," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. मास्तरांना वाटलं, संपलं. होकारच आहे हा.

रविवारी सकाळी जावयाने जुना सदरा चढवला आणि खोलीत आला. गादी गेली, खुर्ची गेली, ट्रंक गेली. मास्तर दारात उभे होते. कपाटापाशी जावई गेला तेव्हा ते म्हणाले, "ते राहू द्या ना. जड आहे. त्याच्या मागे कोण बघतंय?"

"रंग मागेही द्यायचा असतो, मास्तर," जावई म्हणाला, आणि कपाट ओढलं.

भिंत उघडी पडली. तीन आठवड्यांत ओल आणखी वर चढली होती. पोपड्यांचा एक थर कपाटाला चिकटून आला आणि जमिनीवर फुटला. जावयाने हात लावला, बोट खुपसलं, बोट आत गेलं. मग तो सरळ खिडकीपाशी गेला, वाकून खाली बघितलं, आणि माती जिथवर होती तिथली काळी रेघ त्याला दिसली.

"भिंतीला माती कोणी लावली होती?"

मास्तर दारातूनच म्हणाले, "मी. ते... झाड चार फुटांवर जाऊ लागलं होतं, म्हणून खालून..."

"म्हणून भिंतीला माती लावलीत? जोत्याच्या वर?" आणि दोन वर्षांत पहिल्यांदा जावयाचा आवाज चढला. "अहो, अक्कल गहाण टाकली होती का? दोन फूट माती, वर पाणी, आणि मागे कपाट लावून दडवून ठेवता? मी रंगारी माणूस! दुसऱ्यांच्या भिंती बघून त्यांना शिव्या घालतो, आणि माझ्याच घरात हे? मला सांगता आलं नाही? तोंड नव्हतं का?"

बाहेर रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबून बघू लागला. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. ज्याची दोन वर्षं धास्ती घेतली होती ते समोर आलं होतं, आणि ते वाटलं होतं त्याहून मोठ्या आवाजाचं होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी आजच निघतो. भिंतीचं जे काही होईल ते..."

"निघतो?" ही लेक होती. स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली होती. "काय म्हणालात?"

"अगं, मी तीन महिने म्हणालो होतो. दोन वर्षं झाली."

"माहीत आहे मला! तीन महिने म्हणालात त्या दिवसापासून मोजतेय मी. दर महिनाअखेर तुमची बॅग जागेवर आहे ना ते बघून येते, की आता बाबा ती भरणार. काही बोलायची चोरी! 'जास्त वाढून घ्या' म्हटलं तर तुम्ही कमी घेता. 'पंखा वाढवा' म्हटलं तर बंद करता. यांना मी सांगून ठेवलंय, बाबांना एक वाकडा शब्द बोलू नका, लगेच निघून जातील. दोन वर्षं हे जीभ चावून राहतायत. आणि काल तुम्ही मला चष्मेवाल्याचा माळा सांगता? स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहून माझा जीव घेतलात, बाबा!" आणि ती तिथेच, पोपड्यांच्या ढिगाशेजारी, मोठ्याने रडायला लागली.

जावयाने कपाळ पुसलं, तर कपाळाला चुना लागला.

"मी भिंतीवरून ओरडलो," तो म्हणाला. राग अजून उतरला नव्हता. "राहण्या-जाण्याचा विषय कुठून आला? आणि जाणार कुठे? आधी हे ऐका. हा गिलावा सगळा खरवडायचा. खालपर्यंत. मग भिंत वाळू द्यायची. तीन महिने, कदाचित चार. तोवर या खोलीत कोणी झोपायचं नाही, छाती भरेल. झाड थंडीत पानं झडली की काढून फाटकापाशी लावू, तिथे काय दहा फूट व्हायचं ते होऊ दे. आणि तुमची खाट बाहेरच्या खोलीत."

"तिथे जागा कुठे आहे?"

"नाहीच आहे. करायची. तुम्ही केलंय हे, आता सगळ्यांनी सोसायचं."

खाट बाहेरच्या खोलीत आली आणि मधोमध बसली, कारण अंगणात माती पसरल्यामुळे शिड्या आता एका कडेला आल्या होत्या आणि दुसऱ्या कडेला टेबल होतं. एवढ्या काळजीने कोपरा धरून राहिलेले मास्तर आता घराच्या ऐन मध्यावर आले. दाराकडे जायचं तर त्यांच्यावरून, स्वयंपाकघरात जायचं तर त्यांच्यावरून. पहिले दोन-तीन दिवस ते गुडघे पोटाशी घेऊन झोपले. कोणी आलं की उठून बसत. त्यांच्या खोलीतून दिवसभर खरवडल्याचा आवाज यायचा, आणि जावई दर थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणायचा, "अजून आहे, मास्तर. अजून आत आहे," आणि हे म्हणताना त्याचा चेहरा कडूच असायचा. अदब गेली होती ती गेलीच. मास्तरांना ते टोचायचंही, आणि त्याच वेळी रात्री झोपही लागायची, आणि हे दोन्ही एकत्र कसं, हे त्यांना उमगत नव्हतं.

हाताचे फोड सुकायला तीन आठवडे लागले. एके दिवशी सकाळी जावयाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं त्यांनी पाहिलं आणि खाटेवर बसून लावायला घेतलं. सुईत दोरा जाईना. चष्मा काढला, घातला, खिडकीकडे तोंड केलं, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. अकराव्या खेपेला गेला. तेवढ्यात खांद्यावर लांब शिडी घेऊन जावई आतून आला. त्याला उशीर झाला होता.

"मास्तर, सरका जरा. पाय घ्या."

आधीचे मास्तर सुई टाकून उभेच राहिले असते. त्यांनी सुईकडे पाहिलं. उठलं असतं तर दोरा नक्की निसटला असता.

"आत्ताच ओवलाय," ते म्हणाले. "वळसा घालून जा."

जावई थांबला. शिडीचं मागचं टोक टेबलाला थडकलं. तो काहीतरी पुटपुटला, ते सभ्य नव्हतं, आणि मग शिडी तिरकी करत, पोट आत ओढत, खाट आणि टेबल यांच्यामधल्या वीतभर जागेतून कसाबसा बाहेर पडला. दार बंद झालं. मास्तर सुई धरून ऐकत बसले. मिनिटभरात दार पुन्हा उघडलं. जावई ब्रश विसरला होता. त्याने आत जाताना वळसा घातला आणि ब्रश घेऊन बाहेर जाताना पुन्हा वळसा घातला.

मास्तरांनी पाय आत घेतले नाहीत. बटण लावून झाल्यावर ते खाटेवर पसरले, आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले.